वळवलेली गोष्ट

दुपारी तीनच्या सुमाराला फोनवर कुणीतरी कुंदाला शाल्मली म्हणून हाक मारली, आणि तिच्या हातातला शिक्का कागदावर पडायच्या ऐवजी टेबलाच्या काचेवर पडला. पाटबंधारे खात्याच्या त्या कार्यालयात एकोणीस वर्षं ती आवक-जावक सांभाळत होती. तिथे ती पांढरीपांडे मॅडम होती, शिपायांची कुंदाताई होती. शाल्मली हे नाव त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. घरीही नव्हतं. ते फक्त मोबाईलमधल्या गोष्टींच्या एका अॅपवर होतं, जिथे बहुतेक गुरुवारी ती तिच्या कादंबरीचा एक भाग टाकायची. त्यामुळे भर दुपारी, पंख्याच्या खडखडाटात, एका अनोळखी बाईच्या तोंडून ते नाव आलं तेव्हा कुणीतरी आपल्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं तिला वाटलं, आणि तिने आधी आजूबाजूला कुणी ऐकलं का ते पाहिलं. "तुमी शाल्मलीबाईच हाव न? गोष्टवाल्या?" बाई पुन्हा म्हणाली. मागे खूप माणसांचा आवाज होता, लोखंडी खाट ओढल्याचा आवाज होता. "मी सत्यशीला. मुकुटबनच्या पलीकडं आमचा तांडा हाये. खेमसिंगची बायको मी. त्याईले फवारा चढला बाई. डोयानं दिसून नाई राह्यलं. इथंच हाव आमी, यवतमाळले, सरकारी दवाखान्यात. ते म्हन्तात, गोष्टवाल्या बाईले फोन लाव. त्याईले पुढचं आयकाचं हाये."

खेमसिंग हे नाव तिला माहीत होतं. एकाहत्तर भागांपैकी जवळजवळ प्रत्येक भागाखाली ते नाव होतं. बाकीचे लोक बदाम टाकायचे, हात जोडायचे, पुढचा भाग लवकर टाका म्हणून लिहायचे. खेमसिंग वाक्य लिहायचा. "मॅडम, आज मरुतनं इतक्या लांबून हाक मारायले नको होती. जवळ जाऊन मारायची." किंवा, "तेजाच्या हाताले आग हाये, तर तिच्या मनाले किती असन." एकदा त्याने विचारलं होतं की गोष्ट लिहायला शिकता येते का, आणि कुठल्याशा हळव्या क्षणी कुंदाने त्याला आपला नंबर पाठवला होता. मग आठ दिवस फोन वाजला की ती दचकायची. त्याने कधीच फोन केला नाही. तिला बरं वाटलं होतं, आणि थोडं वाईटही. तो कोण असेल याचा तिने विचार केला नव्हता. कुणी मास्तर असेल, एखाद्या दुकानात बसणारा असेल. फवारणी करणारा असेल असं मनात आलं नव्हतं, आणि हे आता लक्षात येताच तिचे कान तापले. त्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांत रोज तेच होतं. दोन हजार सतरा साल. कपाशीची पऱ्हाटी यंदा माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे, फवारा तोंडावर येतो आहे, आज इतके भरती, काल इतके गेले. तिचा नवरा अनंत सकाळी चहा घेताना ते मोठ्याने वाचायचा आणि पान उलटायचा. तीही ऐकायची. ज्या गावांची नावं यायची त्या गावांची पत्रं तिच्या टेबलावरून जात होती, कालव्याचं पाणी, पाझर तलाव, अमुक गावचा ठराव. तिने त्यांवर शिक्के मारले होते, पण त्या गावांना चेहरे नव्हते. "येतान न बाई?" सत्यशीला म्हणाली. "तुमचं घर लांब हाये का?" घर लांब नव्हतं. कार्यालयही नव्हतं. चालत गेलं तर पंधरा मिनिटं. "येते," कुंदा म्हणाली, आणि साहेबांना डोकं दुखतं म्हणून सांगून निघाली.

वाटेवर ऊन होतं आणि ती सावलीतून चालायचंही विसरली. तेजा आणि मरुत यांच्याविषयी कधी मोठ्याने बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलगा, साकेत, पुण्याला शिकायला गेला आणि संध्याकाळचे तीन तास एकाएकी मोकळे पडले, तेव्हा ती आधी लोकांच्या गोष्टी वाचायला लागली आणि मग एक दिवस स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या तिने अंगठ्याने पहिलं वाक्य टाईप केलं: तेजाच्या तळहातात जन्मतःच अग्नी होता. मग बाकीचं आपोआप आलं. पाच राज्यं, पाच महाभूतं. पृथ्वीकुळातली माणसं शब्दाने डोंगर हलवणारी, जलकुळातली माणसं नदीला दोरीसारखी गुंडाळून ठेवणारी. मरुत वायुकुळातला, त्याने बोट वर केलं की वारा थांबायचा. तेजा आणि मरुत एकाच नक्षत्रावर, एकाच घटकेला जन्मलेले. त्यांची गाठ जन्माआधीच बांधलेली. फक्त वाऱ्याने आगीला हात लावला की एकतर आग विझणार नाहीतर सगळं जाळत जाणार, म्हणून दोघांनी एकमेकांना दिसायचं पण भेटायचं नाही. एकाहत्तर भाग ती त्यांना लांब ठेवत आली होती. नदीच्या दोन काठांवर, किल्ल्याच्या दोन बुरुजांवर, स्वप्नाच्या आत आणि बाहेर. भेटवलं की वाचक निघून जातात हे तिला अॅपवरच्या इतर गोष्टींवरून कळलं होतं, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे त्यांना भेटवल्यावर पुढे काय लिहायचं हे तिला माहीत नव्हतं. दोन माणसं एका घरात राहायला लागली की ती काय बोलतात? तिने खूप आठवून पाहिलं होतं. दळण आणलं का. गॅसचा नंबर लावला का. साकेतचा फोन आला होता का. बावीस वर्षांत अनंत तिच्यावर कधी ओरडला नव्हता. लोक तिला नशीबवान म्हणायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अनंतची नोकरी नेरला होती, कनिष्ठ महाविद्यालयात, आणि दोघं बसस्टँडच्या मागे एका खोलीत राहत होते. मे महिन्यात तिला ताप आला. वीज गेली होती. दुपारी केव्हातरी तोंडावर वारा आला म्हणून तिने पापण्या किलकिल्या केल्या, तर अनंत खुर्ची जवळ ओढून बसला होता आणि उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्याने तिला वारा घालत होता. त्याच्या बनियनला घाम आला होता, ओठ थोडे उघडे होते, तो तिच्याकडे इतका एकटक पाहत होता की ती घाबरली. तिचे डोळे उघडलेले दिसताच त्याने पुठ्ठा खाली ठेवला. "पाणी हवं?" म्हणाला. ती नको म्हणाली आणि डोळे मिटून घेतले, अगदी झोपल्यासारखा श्वास सोडला, म्हणजे तो पुन्हा सुरू करील. बराच वेळ ती तशी पडून राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग चप्पल. एवढंच. एवढ्यावरच तिने एकाहत्तर भाग लिहिले होते, असं दवाखान्याच्या फाटकाशी येईपर्यंत तिला स्पष्ट दिसलं, आणि लाज वाटली.

वॉर्डात दोन खाटांच्या मधे जमिनीवरही माणसं होती. सगळी तरणी. सगळ्यांचे डोळे लाल, कुणाच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवलेला. काहींचे हात खाटेच्या दांड्याला कापडी पट्टीने बांधले होते. विषावरच्या औषधाने माणूस बेभान होतो, उठून पळतो, म्हणून. सत्यशीलाने तिला लांबूनच ओळखलं, कशावरून कोण जाणे. पंचविशीची असेल. कपाळावर गोंदलेले तीन ठिपके, हाताला हस्तिदंतासारख्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बांगड्या, पायांना अजून शेतातली काळी माती. तिने कुंदाचा हात धरला आणि सरळ खाटेपाशी नेलं. "आल्या," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. खेमसिंग उठून बसायला लागला. बारीक, उंच माणूस, गालाची हाडं वर आलेली. त्याचे डोळे उघडे होते पण ते कुंदाच्या खांद्याच्या जरा बाजूला पाहत होते. "नमस्कार मॅडम. तुमाले तरास दिला. मले तुमी धुक्यावानी दिसून राह्यल्या. पांढरी साडी हाये का?" तिची साडी पोपटी होती. ती हो म्हणाली.

काय विचारायचं ते तिला सुचेना, म्हणून तिने कसं झालं ते विचारलं. तो सांगू लागला, जसं काही दुसऱ्या कुणाचं. सकाळपासून तांड्यातल्या नेमसिंगच्या वावरात मजुरीने फवारत होता, तिसरा दिवस. पऱ्हाटी डोक्याच्या वर, तासातून, दोन ओळींच्या मधून, चालताना पानं गालाला लागतात, आत वारा म्हणून नसतो. नळी वर धरून मारावं लागतं. "दुपारपर्यंत बरं होतं. मंग वरचा वारा उलटला. मी असा तोंड करून, आन् वारा असा. सगळं माह्याच अंगावर." तो हसला. "मले तवाच तुमचा मरुत आठोला मॅडम. तो असता तं बोट वर केलं असतं." कुंदाला हसता आलं नाही. तिने मरुतचं ते बोट किती वेळा वर करवलं होतं! सोळाव्या भागात, तिसाव्या भागात, प्रत्येक वेळी उपमा बदलून. कापसासारखे ढग तर तिने चौदा वेळा लिहिले असतील, आणि कापसाच्या शेतात ती एकदाही शिरली नव्हती. मारेगावला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं, तेवढंच. "घरी येऊन आंघोळ केली नाई?" तिने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. "केली न," सत्यशीला म्हणाली. "मीच पाणी घातलं. मंग उलट्या सुरू झाल्या. मंग म्हने, सत्या, दिवा लाव. भर दुपार होती बाई."

त्याला शेवटचे तीन भाग ऐकायचे होते. फवारणी सुरू झाल्यापासून वाचायला सवड नव्हती. कुंदा खाटेच्या कडेवर टेकली, मोबाईल काढला आणि वाचू लागली. आपलेच शब्द तिने कधी मोठ्याने वाचले नव्हते. ती हळू वाचत होती तरी शेजारच्या खाटेवरचा माणूस मान वळवून ऐकायला लागला. एकोणसत्तराव्या भागात तेजा अग्निकुंडाच्या तळाशी सात वर्षं एकटी बसते आणि मरुत बाहेर पहाडावर उभा राहतो. तो फुंकरही घालू शकत नाही, कारण फुंकर घातली तर ती भडकेल. लिहिताना कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता त्या औषधाच्या वासात ते वाचताना तिला वाक्यं लांबलचक वाटायला लागली, जरीच्या साड्या नेसून बायका दवाखान्यात आल्यासारखी. पण खेमसिंग मन लावून ऐकत होता, ओठ थोडे हलत होते. सत्यशीला मात्र एकदा नवऱ्याकडे, एकदा कुंदाकडे पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, हे कोनती तेजा?" ती म्हणाली. "आपली का दुसरी?"

"आपलीच," कुंदा म्हणाली. "एकच आहे."

"मंग कुंडात काहून एकटी हाये? लेकरू कोनापाशी ठेवलं?"

"कुठलं लेकरू?"

"तिची पोरगी. चंपी. दोघाचं लगन होऊन तीन साल झाले न. ते तं माळावर झोपडी बांधून राह्यतात. सरपन लागत नाई तिले, हातावरच भाकर शेकते. तो संध्याकायी येते आन् तिच्या तोंडावर वारा सोडते, हौ हौ, आन् ती म्हन्ते, माही आग इझवतं का, आन् दोघं हासतात." सत्यशीला बोलता बोलता थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. खेमसिंगने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

"चूक झाली मॅडम," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "हिले वाचता येत नाई. तिसरीत शाळा सोडली. दुपारी बांधावर जेवन झालं की मी मोबाईलवर वाचून दाखवो. पयले जसं हाये तसंच वाचलं. पन हे रडे. म्हने, इतके दिवस झाले, काहून भेटत नाईत? मंग एक दिवस मी थोडं वळवलं. मंग जरा आनखी वळवलं. आता तं तुमची गोष्ट एकीकडं आन् हिची एकीकडं हाये." सत्यशीला त्याच्याकडे टक लावून पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर फसवल्याचा राग येतो आहे की आणखी काही, हे कुंदाला ओळखता येईना. "म्हन्जे तुमीच सांगत होता?" ती म्हणाली. "त्या मोबाईलात नव्हतं ते?" "काही होतं," तो म्हणाला. "वाघ होता. नदी होती."

पुढे कितीतरी दिवस कुंदाने त्या क्षणाला आपल्याला नेमकं काय वाटलं ते शोधून पाहिलं. चांगलं काही वाटलं असतं तर तिला हवं होतं. पण तिला राग आला होता. लहान, कोता, आपली वस्तू कुणी न विचारता वापरली म्हणून येतो तसा. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी रागापेक्षा वाईट होती. हातावर भाकरी शेकणारी तेजा तिच्या तेजापेक्षा जिवंत होती. तिच्या कादंबरीत कधी कुणी जेवलंच नव्हतं. दोन वर्षं जिथे तिची वाट अडली होती त्याच्या पुढे हा माणूस रोज दुपारी, हात धुऊन, सहज चालत गेला होता, आणि तिथे काय आहे ते त्याला माहीत होतं. "मॅडम," खेमसिंग म्हणाला, "आता सांगू का तुमाले, कुठवर आली ते? शेवट बी हाये माह्या डोस्क्यात. तुमाले काम पडलं तं लिवून घेजा." त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती, औषधाने तोंड कोरडं पडलं होतं, शब्द जड येत होते. ऐकायला हवं होतं. ती घड्याळाकडे पाहून म्हणाली, "आज नको. तुम्ही थकलात. उद्या येते, तेव्हा सांगा." ती असं प्रेमानेच म्हणाली, दुसऱ्या कुणालाही ती काळजीच वाटली असती. सत्यशीला तिला जिन्यापर्यंत सोडायला आली, आणि परत वळली, जवळजवळ पळत, नवऱ्याकडे.

घरी अनंत टीव्हीसमोर बसला होता. तिने चहा केला, त्याच्या हातात कप दिला आणि उभी राहिली. "मी एक कादंबरी लिहिते," ती म्हणाली. "मोबाईलवर. दोन वर्षं झाली." अनंतने आवाज कमी केला. हे त्याने नेहमीच केलं होतं, ती बोलायला लागली की तो आवाज कमी करायचा, आणि ते चांगलंच होतं. "हो का?" तो म्हणाला. "मला वाटलं तू साकेतला मेसेज करत असतेस. कशावर आहे?" "प्रेमावर," ती म्हणाली. मग तिला ते हास्यास्पद वाटलं म्हणून म्हणाली, "जादू वगैरे आहे. आग, वारा." "अच्छा," अनंत म्हणाला. तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. तिला एकदम वाटलं की तो आता नेरच्या खोलीविषयी बोलेल. त्याच्या डोळ्यांत तसं काहीतरी आलं होतं, नक्की आलं होतं. "दाखव कधीतरी," तो म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला. साखर कमी होती, पण ते त्याने सांगितलं नाही. आपला कप प्यायल्यावर तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. सोबत वही नेली होती. रात्रभर राग निवून गेला होता आणि त्याच्या जागी एक प्रकारची घाई आली होती. चालताना ती प्रश्न जुळवत होती, मुलीचं नाव चंपीच का, झोपडी कुठल्या माळावर, आणि शेवट काय. पण खेमसिंगचे हात दांड्याला बांधलेले होते. तो खाटेवर उसळत होता आणि मोठ्याने बोलत होता, त्यांच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत, भरभर, न थांबता. "याडी, याडी" एवढं तिला कळलं, आईला हाक मारतो आहे ते. बाकी काही नाही. ती वाकून ऐकत राहिली. कदाचित तो तीच गोष्ट सांगत असेल. "काय म्हणताहेत?" तिने सत्यशीलाला विचारलं. सत्यशीलाच्या डोळ्यांना धार होती. "बैल सुटला म्हन्तात. आमच्याकडं बैल कुठं हाये बाई." तिने त्याच्या कपाळावर ओला पदर ठेवला, तो त्याने झटकला. "काल रातच्याले चांगले बोलले. म्हने, सत्या, तुले राग आला का? मी बोललीच नाई. मले राग नव्हता बाई. मले तं असं झालं होतं का," तिने दोन्ही हात छातीशी धरून नुसते उघडले. "पन बोलली नाई. म्हटलं, बरे होतीन मंग बोलन."

तिसऱ्या दिवशी त्याला आत नेलं होतं, श्वासाच्या मशीनवर. काचेतून पाय दिसत होते. चौथ्या दिवशी त्याचा भाऊ शंकरसिंग आला, दारापाशी उकिडवा बसून राहिला, आणि कुंदाला कुणी अधिकारी बाई समजून प्रत्येक वेळी उभा राहिला. ती रोज जात होती. काहीच करण्यासारखं नव्हतं. डबा नेत होती, सत्यशीला दोन घास खात होती आणि बाकी शंकरसिंगला देत होती. डॉक्टरही तरणाच होता, दोन दिवस झोपला नसावा. आशा फार नाही असं त्याने कुंदाला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, आणि आपल्यालाच, तेही इंग्रजीत, सांगितलं जातं आहे याची तिला शरम वाटली. पाचव्या दिवशी सकाळी दहाला ती कार्यालयात सही करत असताना फोन आला. सत्यशीलाचा होता. मागे माणसांचा आवाज, खाटा ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "बाई, नेऊन राह्यलो आमी," आणि कुंदा पोचेपर्यंत शववाहिका निघून गेली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी भाग आला नाही. लोकांनी विचारलं, कुठे गेलात, तब्येत बरी का, मरुत तेजाला भेटणार का? महिनाभराने तिने बहात्तरावा भाग लिहिला. त्यात तिने दोघांना माळावर झोपडी दिली, हातावर भाकर शेकली. मुलगीही दिली. वाचून पाहिलं तर ते शब्द कागदी होते, भाकरीला वास नव्हता. दोघं एकमेकांशी काय बोलतात तिथे ती पुन्हा अडली. तरी तिने टाकला तो. खाली कुणीतरी लिहिलं, मॅडम, आता मजा गेली. तिने तो भाग पुसला, मग एकेक करत सगळेच पुसले. एकाहत्तर वेळा अॅपने विचारलं, नक्की का? आणि एकाहत्तर वेळा तिने हो म्हटलं. अनंतने कधी दाखव म्हणून पुन्हा विचारलं नाही, आणि आता दाखवायला काही नव्हतंही.

जानेवारीत एका रविवारी ती पांढरकवड्यावरून मुकुटबनला गेली आणि तिथून तांड्यापर्यंत एका माणसाच्या मोटारसायकलवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभी पऱ्हाटी उपटून टाकत होते. बोंडअळीने आतून खाल्ली होती, बोंडं फुटलीच नव्हती. सत्यशीला घरापुढे बसून उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होती. ती वाळली होती. हातात बांगड्या नव्हत्या. कुंदाला पाहून तिला आनंद झाला असं दिसलं नाही, वाईट वाटलं असंही नाही. तिने पाणी दिलं आणि पुन्हा काम सुरू केलं. कुंदाने वही काढली. ती काय करायला आली आहे ते तिने सांगितलं, बसमध्ये दहा वेळा घोकलेलं, तरी अडखळत. "त्यांनी तुला सांगितलेली गोष्ट मला लिहून घ्यायची आहे. माझं नाव टाकणार नाही. त्यांचं टाकीन. तू फक्त सांग, पहिल्यापासून, जशी त्यांनी सांगितली तशी."

सत्यशीलाचे हात थांबले. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडं काही हललं. "पयले तं ते नदीवर भेटतात," ती म्हणाली. कुंदाने लिहिलं. "मंग लगन. लगनात पाऊस येते, आन् ते तिच्या डोक्यावर वाऱ्याचं छत धरते. मंग झोपडी. मंग चंपी." ती थांबली. "मंग वाघ येते." समोरच्या आवारात कुणीतरी पऱ्हाट्या मोडत होतं, कडाकड. "वाघ येतो, मग?" कुंदा म्हणाली. "मंग," सत्यशीला म्हणाली, आणि कपाळावर आठ्या घालून जमिनीकडे पाहत राहिली. "त्या वाघाचं कायतरी होते. चांगलं होते. त्याले पाळतात का कायतरी."

"आठव. सावकाश आठव. शेवट त्यांच्या डोक्यात होता, मला म्हणाले होते. तुला सांगितला असेल."

"सांगतला असन," सत्यशीला म्हणाली. तिने मोळीची गाठ आवळली, पुन्हा सैल केली. "बाई, पाहाटं चारले उठो मी. सैपाक, पानी, मंग दिसभर निंदन नाईतं वेचनी. दुपारी भाकर खाल्ली का अंग पडे. ते मांडीवर मोबाईल घेऊन वाचत आन् मी बांधाले टेकून बसो. चांगलं वाटे. त्याईचा आवाज येत राहे, येत राहे." ती कुंदाकडे न पाहता बोलत होती. "मधातच ते म्हनत, सत्या, झोपली का? मी म्हनो, नाई, आयकून राह्यली न. आन् झोपून जावो. रोजच. म्हटलं, कुठं जाते गोष्ट, उद्या इचारन."

कुंदाची लेखणी वहीवर टेकलेली होती. पानावर चार ओळी होत्या. तिने विचारलं, कारण विचारल्याशिवाय तिथून उठता येत नव्हतं, "तू झोपल्यावर ते थांबायचे का? की पुढे सांगत राहायचे?"

सत्यशीलाने मोळी उचलून भिंतीशी उभी केली, दुसरी जवळ ओढली, आणि तिच्यावर गुडघा दाबून धरला.

"मले का मालूम बाई," ती म्हणाली.